दार उघडंच आहे, पण उंबरठा केवढा!

ओपन सोर्समध्ये ‘सगळ्यांचं स्वागत’ असतं. मग पहिल्याच रात्री लॅपटॉप मिटून झोपायची वेळ का येते? याचं उत्तर बऱ्याचदा एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीत असतं. तिचं नाव बिल्ड सिस्टीम.

समजा, रात्रीचे साडेदहा वाजलेत. बिडकीनमध्ये सगळीकडे निजानीज झालीय. दिवसभर शहरात कॉलेज, मग पैठण रोडच्या एसटीत उभ्याने प्रवास, मग जेवण. आता कुठे तुम्हाला लॅपटॉप उघडायला मिळालाय. तोही दादाने वापरून झालेला, चार जीबी रॅमचा, विंडोजवाला. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. कॉलेजात एक सीनियर म्हणालेला असतो, ‘अरे, ओपन सोर्समध्ये काहीतरी कर. शिकशील पण आणि रेझ्युमेला वजन पण येईल.’ म्हणून तुम्ही एका नावाजलेल्या प्रोजेक्टचा कोड उतरवून घेता.

सूचनांच्या पानावर लिहिलेलं असतं, आधी या सहा लायब्ररी टाका, मग ही कमांड द्या, मग ती द्या. तिसऱ्या कमांडला स्क्रीन लाल. एरर गूगलवर टाकता, तर दहा वर्षांपूर्वी कुणीतरी हाच प्रश्न विचारलेला आणि खाली उत्तर नाही. साडेबाराला डेटा पॅक संपल्याचा मेसेज येतो. लॅपटॉप मिटताना डोक्यात एकच वाक्य असतं, ‘हे आपल्याच्यानं होणार नाही.’

थांबा. प्रोजेक्टचा कोड तर तुम्ही अजून वाचलेलाच नाही! मग काय जमलं नाही? फक्त तो कोड आपल्या मशीनवर बांधून, चालवून बघणं. तुम्ही उंबरठ्यालाच ठेच लागून परत फिरलात. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे प्रोजेक्टवाल्यांना हे कधीच कळत नाही. परत गेलेला माणूस तक्रार करत नाही, तो नुसता दिसेनासा होतो.

आचाऱ्याची यादी

बिल्ड सिस्टीम म्हणजे काय, ते आधी आपल्या भाषेत बघू. लग्नाच्या पंगतीचा आचारी डोळ्यांसमोर आणा. आल्या आल्या तो काय करतो? पातेली किती, गॅस आहे का, पाणी कुठून येणार, हे बघतो. प्रोजेक्टमध्ये या टप्प्याला ‘कॉन्फिगर’ म्हणतात. तुमच्या मशीनवर कंपायलर आहे का, लागणाऱ्या लायब्ररी आहेत का, याची ही तपासणी. मग आचारी क्रम लावतो. डाळ शिजल्याशिवाय फोडणीचा उपयोग नाही, पण डाळ शिजते तोवर दुसऱ्या चुलीवर भात लागू शकतो. आणि शेवटी वरणात मीठ कमी पडलं, तर तो मीठ टाकतो. पहिल्यापासून डाळ धुवायला बसत नाही.

हजारो फायलींच्या प्रोजेक्टमध्ये हेच काम बिल्ड सिस्टीम करते. कुठली फाइल कुणावर अवलंबून आहे, काय एकाच वेळी कंपाइल करता येईल, आणि एका फायलीत एक ओळ बदलली तर नेमकं किती पुन्हा बांधायचं, हे ती ठरवते. ती नीट असेल तर तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. बिघडली, की पंगत खोळंबते.

पन्नास वर्षांचा एक टॅब

या गोष्टीची सुरुवात एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. तिथला एक सहकारी वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आला. त्याची अख्खी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, फक्त बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती! फेल्डमन यांनी यावर ‘मेक’ हे टूल लिहिलं. ते आजही जगभर चालतं आणि त्यासाठी त्यांना २००३ मध्ये एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

पण मेकच्या फायलीत एक खोड राहून गेली. आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हायला हवी. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसतं. फेल्डमन यांनी पुढे सांगितलंय, की ही चूक त्यांच्या लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरायला लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली.

डझनभर मित्रांची सोय झाली आणि पुढची पन्नास वर्षं नव्याने शिकणारा प्रत्येक जण त्या टॅबला अडखळतोय. बिल्ड सिस्टीमचं दुखणं थोडक्यात असं असतं. आत बसलेल्यांना सवय झालेली असते. काटा टोचतो तो बाहेरून येणाऱ्याला.

पोस्टग्रेसने काय केलं?

आता एक मोठं उदाहरण घेऊ. पोस्टग्रेस-क्यूएल हा डेटाबेस तुम्ही डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला वापरला असेल. नसेल तर इन्स्टाग्राम वापरताना नकळत वापरलाय. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प आज कुठल्याच एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्यात मराठी माणसंही आहेत. पुण्यात एंटरप्राइझडीबी या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपनीचं ऑफिस आहे. २०१८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ११ च्या रिलीज नोट्स उघडा. मोठ्या, तुकड्यांत विभागलेल्या टेबलांचे जॉइन जलद करणाऱ्या सुधारणेपुढे आशुतोष बापट हे नाव दिसेल, तर अशाच टेबलांवरच्या बेरजा-सरासऱ्या तुकड्यातुकड्याने काढण्याच्या सुधारणेपुढे जीवन चाळके हे नाव. जगभरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये आपल्याकडची नावं अशी छापलेली आहेत.

तर या पोस्टग्रेसच्या घरात दोन वेगळ्या चुली होत्या. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी ऑटोकॉन्फ आणि मेक. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वापरणाऱ्यांसाठी पर्ल भाषेत लिहिलेल्या निराळ्याच स्क्रिप्ट. कुणी लिनक्सवर बसून नवी फाइल घातली, की ती विंडोजवरही बांधली जाईल ना, याची काळजी वेगळी करायची. बहुतेक जुने डेव्हलपर लिनक्सवाले, त्यामुळे विंडोजची बाजू कायम सावत्र. आणि आपल्याकडच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर काय असतं? विंडोज!

त्यात ऑटोकॉन्फ स्वतःच थकलेलं. त्याची २.६९ ही आवृत्ती आली २०१२ मध्ये आणि त्यापुढची २.७० आली थेट डिसेंबर २०२० मध्ये. आठ वर्षं! ज्या भाषेत त्याचे मॅक्रो लिहिले जातात, ती एम-फोर भाषा आज कुठल्या कॉलेजात शिकवतात? नवा माणूस ती फाइल उघडणार आणि हात जोडून बंद करणार.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने प्रस्ताव मांडला, की आपण ‘मेसन’कडे जाऊ. मेसन हे फिनलंडच्या युस्सी पक्कानेन यांनी सुरू केलेलं टूल, २०१३ पासून लोकांसमोर असलेलं. त्याची भाषा मुद्दाम साधी ठेवलीय, पायथन येत असेल तर वाचून अंदाज येतो. प्रत्यक्ष कंपाइल करायचं काम मेसन ‘निंजा’कडे सोपवतं. हे दुसरं टूल गूगलमध्ये इव्हान मार्टिन यांनी लिहिलं, कारण क्रोम ब्राउझर बांधताना बदल केल्यावर उगाच वाट बघत बसावं लागायचं. लिनक्स असो वा विंडोज, यादी एकच.

सप्टेंबर २०२२ मध्ये मेसनचा पहिला कोड पोस्टग्रेसमध्ये आला. १४ सप्टेंबर २०२३ ला आलेल्या पोस्टग्रेस १६ मध्ये तो सगळ्यांना मिळाला. आणि २०२४ च्या पोस्टग्रेस १७ मध्ये विंडोजच्या त्या जुन्या पर्ल स्क्रिप्ट काढून टाकल्या गेल्या. मोजा, तीन वर्षं. एवढ्या काळात कुणी म्हणू शकलं असतं, ‘डेटाबेस सोडून हे काय करताय?’ पण उंबरठा उतरवायचा, तर कुणालातरी छिन्नी घेऊन बसावंच लागतं.

यातली एक समजूतदार गोष्ट लक्षात घ्या. जुनं मेक त्यांनी उपटून फेकलं नाही, लिनक्सवर ते अजूनही चालतं. वेगवेगळ्या लिनक्सची पॅकेजेस बनवणारे आणि जुन्या मशीनवर काम करणारे त्यावर विसंबून होते. नव्यांना आत घेताना जुन्यांना घराबाहेर काढलं नाही.

तुमच्या असाइनमेंटमधलं उदाहरण

पायथनवाल्यांनी पण ऐका. नमपाय आणि सायपाय ही पॅकेजेस तुम्ही एका ओळीत इन्स्टॉल करता आणि विसरून जाता. आत मात्र सी, सी प्लस प्लस, फोर्ट्रान असं सगळं भरलेलं आहे. ते बांधण्याचं काम ‘डिस्टयूटिल्स’ या पायथनच्या जुन्या भागावर आणि त्याला लावलेल्या ठिगळांवर चाललं होतं. पायथननेच ठरवलं, की ३.१२ आवृत्तीपासून डिस्टयूटिल्स नाही. मग काय, धावपळ. सायपायने २०२२ मध्ये आणि नमपायने २०२३ मध्ये मेसन स्वीकारलं. पोस्टग्रेसने वेळ काढून केलं, ते इथे मुदत डोक्यावर ठेवून करावं लागलं.

आणि लिब्रेऑफिस? त्याची तर वेगळीच गंमत. या सॉफ्टवेअरचं मूळ जर्मनीतलं, त्यामुळे कोडमधल्या टिपा जर्मन भाषेत! २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झाल्यावर या मंडळींनी दोन कामं हातात घेतली. एक, जुनी गुंतागुंतीची बिल्ड सिस्टीम काढून सगळं जीएनयू मेकवर आणायचं. हे काम २०१३ च्या ४.० आवृत्तीपर्यंत तडीस गेलं. दुसरं, जर्मन टिपांचं इंग्रजी भाषांतर. शिवाय नव्यांसाठी सोप्या कामांची ‘ईझी हॅक्स’ नावाची यादी केली. जर्मन येणारा, पण सी प्लस प्लसमध्ये कच्चा असलेला माणूसही आता मदत करू शकत होता. बघा, मेक इथेही आहेच. म्हणजे टूल नवं की जुनं, हा प्रश्न दुसरा. नव्या माणसाला रस्ता दिसतो का, हा पहिला.

अंधाऱ्या कोपऱ्यात चोर

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, सोय झाली. पण ही फक्त सोयीची गोष्ट आहे का? मार्च २०२४ मध्ये जे झालं, ते ऐका.

‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारं छोटं टूल. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याची देखभाल बरीच वर्षं मुख्यतः एकच थकलेला माणूस करत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून, चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. कुठे? बिल्डमध्ये! सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात तो सुरू करणारी ओळ नव्हतीच. ती होती रिलीजसाठी बनवलेल्या फायलीतल्या एका एम-फोर स्क्रिप्टमध्ये. म्हणजे जी फाइल उघडून सगळेच हात जोडतात, तीच जागा.

हे पकडलं कुणी? लॉग-इन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून खोदत बसलेल्या एका डेव्हलपरने. त्याचं नाव आंद्रेस फ्रॉइंड. होय, पोस्टग्रेसमध्ये मेसन आणणारा तोच!

पण लगेच ‘नवं टूल म्हणजे सुरक्षित’ असं समजू नका. त्याच एक्सझेडमध्ये सीमेक या जास्त आधुनिक बिल्डच्या फायलीतही एक खोडी केलेली होती. फक्त एक टिंब जास्तीचं टाकलं होतं. त्यामुळे सुरक्षेची एक तपासणी कायम नापास व्हायची आणि ते संरक्षण गुपचूप बंद राहायचं. टूल कुठलंही असो, ती फाइल वाचणारे डोळे हवेत. चार लोकांना कळेल अशी बिल्ड असली, तर चार लोक ती वाचतील. आणि देखभाल करणारा एकटा, थकलेला राहणार नाही.

मग बिडकीनचा काय संबंध?

२९ सप्टेंबर २०२४ ला बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. ७,८५५ एकर. टोयोटा-किर्लोस्कर, एथर ही नावं आता गावात कट्ट्यावर ऐकू येतात. इलेक्ट्रिक गाड्यांचे कारखाने येणार, म्हणजे नुसती वेल्डिंग आणि असेंब्ली नाही, गाडीत सॉफ्टवेअरही असतं. त्या गेटमधून आत जायला मुलाखत लागेल, ओळख लागेल, कदाचित पुण्या-मुंबईची पदवी असलेल्याशी स्पर्धा लागेल.

ओपन सोर्सच्या गेटवर मात्र कुणी मार्कशीट मागत नाही. तुम्ही कुठल्या कॉलेजचे, इंग्रजी कसं बोलता, वडील काय करतात, काही विचारत नाहीत. पॅच चांगला आहे का, एवढंच. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा चार जीबीच्या लॅपटॉपवर, हॉटस्पॉटच्या नेटवर तो प्रोजेक्ट उभा राहतो. बेंगळुरूत कंपनीने दिलेल्या बत्तीस जीबीच्या मशीनवर बिल्ड कशीही असली तरी निभावून जातं. जड, किचकट बिल्डचा भुर्दंड पडतो तो तुमच्यावर. म्हणून एखादा प्रोजेक्ट खरंच ‘सगळ्यांसाठी खुला’ आहे का, हे तपासायची योग्य जागा त्यांची वेबसाइट नव्हे, तुमचा लॅपटॉप आहे.

आणि इथेच तुमच्या हातात एक ताकद आहे, जी दहा वर्षं मुरलेल्या डेव्हलपरकडे नसते. तुम्हाला अजून ठेच लागते! त्याच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं. कुठली लायब्ररी सूचनांमध्ये लिहायची राहिली, विंडोजवर कुठली कमांड चालत नाही, कुठला एरर मेसेज वाचून काहीच बोध होत नाही, हे त्याला दिसूच शकत नाही. तुम्हाला ते दिसतं, पण फक्त पहिल्यांदाच. पुढच्या महिन्यात तुम्हालाही सवय होईल आणि तो दगड दिसेनासा होईल.

एवढं करून बघा

आज रात्री पुन्हा लॅपटॉप उघडा. या वेळी शेजारी वही ठेवा.

कोड उतरवताना ‘गिट क्लोन’ला ‘डेप्थ १’ हा पर्याय द्या. सगळा जुना इतिहास खाली येत नाही, डेटा वाचतो.

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल टाकून लिनक्सवर करून बघा. पण विंडोजवरच का अडलं, हेही टिपून ठेवा. ते सांगणारे कमी असतात.

निंजा आपणहून मशीनच्या सगळ्या कोरवर काम लावतं आणि चार जीबीत लॅपटॉप गोठू शकतो. ‘जे २’ असं सांगितलं, की एका वेळी दोनच कामं घेईल. उशीर लागेल, पण हँग होणार नाही. जोडीला ‘सीकॅश’ टाका. एकदा कंपाइल झालेलं ते साठवून ठेवतं, दुसऱ्या वेळी बराच वेळ वाचतो.

अडलात, की वहीत तीन गोष्टी लिहा. काय केलं, काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं. एरर पूर्ण उतरवून ठेवा, स्क्रीनशॉट नको, मजकूर.

मार्ग सापडला, की सूचनांच्या पानात ती एक ओळ घालणारा बदल पाठवा. ‘उबंटूवर हे पॅकेज आधी टाका,’ एवढी एक ओळही चालते. तीच तुमची पहिली काँट्रिब्यूशन.

आणि एक करू नका. पहिल्याच आठवड्यात ‘तुमची बिल्ड जुनाट आहे, मेसन वापरा’ असा सल्ला द्यायला जाऊ नका. पोस्टग्रेसची गोष्ट आठवा. ज्याने प्रस्ताव मांडला, तो आधीपासून त्या घरातला होता, स्वतः कोड लिहून आला होता आणि जुन्यांची अडचण ओळखून होता. शिवाय बिल्ड झाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. पोस्टग्रेसमध्ये पॅच तपासायला ‘कमिटफेस्ट’ भरतात, तिथे रांग मोठी असते. दुसऱ्याचा पॅच आपल्या मशीनवर बांधून, चालवून, काय झालं ते सांगणं, हीही तिथे हवी असलेली मदत आहे. आणि बिल्ड जमली, तर ती मदत तुम्ही आजपासून करू शकता.

एकट्याने जमत नसेल, तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. तिथे लिनक्ससारखे विषय मराठीतून ऐकता येतात, तेही फुकट. त्याच आयआयटीतला फॉसी प्रकल्प विद्यार्थ्यांना ओपन सोर्सवर काम करायला फेलोशिप देतो. आणि सगळ्यात जवळचा उपाय म्हणजे तीन मित्र, एक घर, एक रविवार. तिघांच्या तीन वेगळ्या लॅपटॉपवर एकच प्रोजेक्ट बांधायचा आणि कुणाचा कुठे अडतो ते बघायचं. तीन मशीनवर करून बघितलेल्या सूचना हातात असलेला मेंटेनर तुम्हाला नक्की धन्यवाद देईल.

साडेबारा वाजता लॅपटॉप मिटताना या वेळी वाक्य थोडं बदला. ‘हे आपल्याच्यानं होणार नाही’ याच्याऐवजी ‘हे इथे अडतंय’ असं म्हणा, आणि झोपायच्या आधी ते वहीत लिहून ठेवा. तुमच्यामागून कुणीतरी येतंय. कदाचित पैठणहून, कदाचित पेरूहून. त्याच्या लॅपटॉपमध्येही चारच जीबी असतील.